गिऱ्हाईकाला कोण अडवणार?

३ मार्च, मंगळवार. अंबातो.
मुक्काम आईकडे. चार दिवस विश्रांती म्हणून. कोर्टाने माझ्या बायकोला, नार्सिसाला, कागद दिलाय: गालोने, म्हणजे मी, तिच्याजवळ फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. केला तर पोलीस उचलणार. नवऱ्यापासून संरक्षण! मी दार जरा जोरात लावलं, मध्ये तिचा हात होता. आधी काढायला नको? लगेच प्लास्टर. सगळं नाटक.
संकल्प: राग बंद. आजपासून.

५ मार्च, गुरुवार.
फोन केला नाही. फक्त मिस्ड कॉल दिले. मेहुण्याचा उलट फोन: "परत वाजवलास तर बघ!" मी शांतपणे राँग नंबर म्हणून ठेवला. राग अजिबात आला नाही. आईचा रेडिओ तेवढा फुटला. आईने तुकडे गोळा केले, माझ्याकडे पाठ न करता. वय झालं, दुसरं काय.

९ मार्च, सोमवार. सकाळ.
प्लॅन पक्का. नार्सिसा मंडईत लापिंगाचो भाजते, बटाट्याचे, आत चीज. बंदी नवऱ्याला आहे. गिऱ्हाईकाला कोण अडवणार? इस्त्रीचा शर्ट घालायचा, दोन प्लेट मागायच्या, मग माफ करायचं. तिला.

दुपार.
"दोन प्लेट," म्हटलं. नार्सिसाच्या हातातलं उलथणं पडलं. "आला," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आनंदाने. शेजारी डुकराचं मटण विकणारी रोसाउरा मावशी किंचाळली, "पोरींनो, धावा गं, आला मेला!" सगळी मंडई डाव-झारे घेऊन मध्ये उभी. मी म्हटलं, मी गिऱ्हाईक आहे. नार्सिसाने एप्रनच्या खिशातून कोर्टाचा तेलकट कागद काढला. गलका ऐकून आलेल्या हवालदारीणबाईंनी तो वाचला, म्हणाल्या, "चला, गिऱ्हाईक."

१० मार्च, मंगळवार. कोठडी.
सुनावणी दुपारी. काळजी नाही. आई डबा घेऊन आली. म्हटलं, जज्जबाईंना सांग, मी घरात कसा असतो ते. म्हणाली, "तेच सांगणार आहे." जिवात जीव आला.
मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळी असा कागद मिळत नव्हता रे. नाहीतर मीही घेतला असता."
विषय बदलला. विचारलं, कोर्टात माझ्या शेजारी बसशील ना?
"नाही. नार्सिसाजवळ बसेन. तिला तुझी भीती वाटते."
डबा सरकवला, दोन पावलं मागे झाली.
"मलाही."