माशांचा हाडवैद्य

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, हे वाचून जीव खालीवर झाला. तिला म्हणावं, घाबरू नकोस, तुझा मुलगा आता हाडवैद्य झालाय! मी इथे प्रयोगशाळेत माशाच्या शेपटीचं टोक कापतो. जखमेलगतच्या हाडाच्या पेशी आपलं काम विसरतात, पुन्हा लहान होतात, वाढतात आणि नवं हाड घडवतात. मी आलो की तुझंही तसंच करून देतो, असं सांग. तेवढीच हसेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा ढब्बू


११ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

हसली नाही रे, खरं मानून बसली. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, माझा मुलगा हाडं उगवतो, तो येईपर्यंत सुरी लावायची नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचाही तिने तुझ्याकडे नंबर लावून ठेवलाय. पिकतं तिथं विकत नाही, माझं कोण ऐकतंय! डॉक्टर म्हणतात, उशीर महागात पडेल. दोनदा फोन केला, तू माशांपाशी होतास. रोज विचारते, ढब्बू निघाला का? ये, आणि ती थट्टा होती हे तुझ्या तोंडाने सांग.

वाट पाहणारी,
ताई


१६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या जिभेला हाड नाही, हे तू लहानपणापासून म्हणत आलीस. सोबत आईला चिठ्ठी आहे: मी माशांचा वैद्य, माणसांचा नाही, डॉक्टरांचं ऐक. शेपट्या निम्म्या उगवल्यात, आत्ता निघालो तर वर्षाचं काम पाण्यात जाईल. पुढच्या आठवड्यात नक्की येतो. जखमेजवळच्या पेशीच धावतात, लांबच्या जागच्या हलत नाहीत. मी त्यांतला कुठला, ते विचारू नकोस.

राग धरू नये, ही विनंती.
ढब्बू


२५ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून दाखवली. तिने ती दोनदा ऐकली आणि ऑपरेशनला हो म्हणाली. हाड नीट बसलंय. पण इतके दिवस पडून राहणं आणि वर ताप, त्याने तिचं भान गेलं. मला आई म्हणते, वेणी घालून दे म्हणून हट्ट करते. तुझ्या पेशी लहान होऊन पुन्हा मोठ्या होतात, तशी ही होईल का, असं डॉक्टरांना विचारलं. ते पुढच्या खाटेकडे वळले.

तुझा राग नाही रे. तुझं पहिलं पत्र मीच हसत हसत वाचून दाखवलं होतं, त्याचं फार वाईट वाटतं.

माशांचं सगळं आटोपून ये. ढब्बू निघाला का, असं ती आता विचारत नाही. तेव्हा घाई करू नकोस.

ताई