पोटरीतली गाठ

मंगळवार, संध्याकाळ

आज नौपाड्यात ह्यांच्या पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली. पडद्यावर रक्त लाल-निळं वाहताना दिसत होतं, आणि डाव्या पोटरीत एका जागी नुसतं काळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्लास्टरमुळे महिनाभर पाय हलला नाही, म्हणून शिरेत रक्ताची गाठ झालीय. ती सुटली तर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकेल. पाय अजिबात चोळू नका."

चोळू नका! मी तर प्लास्टर काढल्यापासून दोन दिवस तेल लावून तीच पोटरी रगडत होते, सूज उतरेल म्हणून. तिथे तोंडच उघडलं नाही माझं. का नाही सांगितलं? ॲडमिट केलंय, इंजेक्शनं सुरू झालीत, तरी हे जरा खोकले की मी ह्यांचे श्वास मोजत बसते. डोळ्यांसमोर तेच काळं. मी ढकललं असेल का ते पुढे?

शेवटी राउंडला आलेल्या डॉक्टरांना ह्यांच्यादेखत सांगून टाकलं. "श्वास ठीक आहे. पण अजून दोन दिवस धोका आहे," ते म्हणाले.

ते गेल्यावर ह्यांच्याकडे बघायचा धीरच होईना.

"अगं," हे हळूच म्हणाले, "तू चोळायचीस तेवढा वेळच काय ते बरं वाटायचं मला."