हार्डकासलबाईंचं चाकांचं खूळ

९ सप्टेंबर
ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी. फिजिक्सचं शेवटचं वर्ष. तिसऱ्या पेपरात ऐच्छिक भाग कुठला घ्यायचा, यावर हार्डकासलबाईंनी वर्गात हात वर करायला लावले. खगोलशास्त्र, नाहीतर चाकं आणि इंजिनं. मी खगोलला हात वर केला आणि टॉयलेटला गेलो. निकाल ऐकायची गरजच नव्हती. चाकांना मत देणार कोण?

१४ नोव्हेंबर
अभ्यास जोरात. दुर्बिणीचे व्हिडिओ पाहिले, अर्धे. बाई मात्र चाकांवर घसरल्यात. आज तासभर फिरतं चाक. वय झालं बिचारीचं.

२२ जानेवारी
विद्यापीठाने जागा देऊ केली! अट एकच, फिजिक्समध्ये ए ग्रेड. आई बाजारातल्या चीजवाल्यालाही सांगून आली. आमच्या बर्नली गावात आता तोंड लपवायला जागा नाही, पण वेळच येणार नाही ती.
बाई अजून चाकांवरच. माझ्या बाकावरचा तौकीर सगळं उतरवून घेतो. त्याला म्हटलं, अरे, कशाला म्हातारीच्या नादी लागतोस? म्हणाला, डेसमंड, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? जळतो मेला.

३ मार्च
सराव परीक्षा. पेपर बाईंनीच काढलेला, म्हणजे पुन्हा चाकं. तो भाग बाणेदारपणे कोरा सोडला. बाईंनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना रे? मी प्रेमाने म्हटलं, बाई, तुमचं ठीक आहे ना?

११ एप्रिल
ईस्टरच्या सुट्टीत उजळणीचं वेळापत्रक रंगवलं. अप्रतिम झालंय. सुट्टी मात्र संपली. पहिल्या दोन पेपरांची काळजी नाही, ते म्हणजे डाव्या हातचा मळ.

१५ जून
तिसरा पेपर. पान उलटलं. चाकं!
हात वर करून म्हटलं, सर, चुकीचा पेपर आलाय. पर्यवेक्षक म्हणाले, गप लिही. बाकी सगळे मुकाट लिहीत होते. मग बाईंची बडबड आठवेल तशी खरडली.

१६ जून
शांतपणे विचार केला. झालं ते बरंच झालं. निकाल काहीही लागो, माझा दोष शून्य. चाकांनी घात केला म्हणून विद्यापीठाला सांगेन. शिकली-सवरलेली माणसं आहेत, समजून घेतील.

१७ ऑगस्ट
फिजिक्स: डी. जागा गेली.
शाळेत बाईंना गाठून चाकांचं गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांनी शांतपणे माझे भागवार मार्क काढून दाखवले. चाकांमध्ये मी वर्गात दुसरा. बाकी दोन्ही पेपरांत सपशेल आडवा. बाई म्हणाल्या, बाळा, चाकं निदान कानावर तरी पडत होती तुझ्या.
फार रडू येतंय. आई बाहेर गाडीत वाट बघतेय, आणि तिला सांगायला एक धड सबब उरलेली नाही.