फिलोमिनाचं पहिलं इंजेक्शन

पापडी, मंगळवार, जून १९९८

दंड ठणकतोय. इतकी वर्षं वॉर्डात इंजेक्शनं दिली, आणि नर्सिंगच्या मुलींना शिकवायला आल्यावर स्वतःच टोचून घेतलं!

त्यांतली फिलोमिना सरावाच्या संत्र्याला सफाईने टोचते, पण माणूस समोर आला की सिरिंज खाली ठेवते. आज रडायलाच लागली. "सिस्टर, माझ्यानं नाय होनार. मी घरी जाते."

मी सलाइन भरलेली सिरिंज तिच्या हातात दिली आणि बाही वर केली. "टोच."

तिने टोचलं. जरा वाकडं, पण टोचलं.

दारात प्राचार्यबाई. "हा काय वॉर्ड आहे?"

"नाही, म्हणूनच. तिथे चुकली तर पेशंटला भोगावं लागतं. इथे मी आहे."

जास्त बोलले का? मुळीच नाही. उद्या ऑफिसात बोलावलंय. जाईन, पण तास संपल्यावर.