व्याह्यांच्या अंगणातला शिग्राम

ता. २ एप्रिल १८८८. ठाणे.
सुमतीला सातवा लागून बरेच दिवस झाले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं. आठव्यात लेकीला हलवत नाहीत, तेव्हा त्याआधी तिला कल्याणहून आणायला हवं. आमचं कुटुंब म्हणतं, आगगाडीनं जा, तासाभराचं काम. मी बजावलं, पेन्शनर शिरस्तेदाराची लेक घरच्या शिग्रामातून येईल. विलायतेला परत जाणाऱ्या सायबाकडून हा घोड्याचा शिग्राम घेतला, तो काय दारात शोभेला? आत गादी आहे, दारांना काचा आहेत. आगगाडीच्या इंजिनाला कोळसा, पाणी, सतरा भानगडी. माझं इंजिन गवतावर चालतं. गुरुवारी निघायचंच.

ता. ६ एप्रिल.
गुरुवार हुकला. मागचं डावं चाक खडखडतं. कोपरीच्या दौलत लोहाराला दाखवलं. म्हणे उन्हानं लाकूड आटलंय, वरची लोखंडी धाव सैल झाली. उतरवून, कापून, तापवून परत चढवायला लागेल. एस्टिमेट तीन रुपये! दिवसाढवळ्या दरोडा. ही म्हणाली, अडीच सांगा, करील तो. अहो, प्रश्न आठ आण्यांचा नाही, प्रिन्सिपलचा आहे. जन्मभर कचेरीत लोकांची एस्टिमेटं कापली, मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

ता. ८ एप्रिल.
चाक मासुंद्याच्या तळ्यात बुडवून ठेवलं होतं. सगळे गाडीवाले हेच करतात. लाकूड फुगलं, धाव गच्च! खर्च शून्य. दौलत तळ्यावर भेटला, म्हणाला गावात फिरायला ठीक आहे, लांब नेऊ नका. गिऱ्हाईक गेलं की माणूस असंच बोलतो.

ता. ११ एप्रिल. कल्याण.
पहाटे निघालो. स्वतः हाकला. कळव्यापर्यंत झोकात. पुढे ऊन आणि फुफाटा. चाक वाळत गेलं असावं. व्याही हरिहरपंतांच्या दारात वळलो तोच धाव निखळली, आमच्याआधी अंगणात शिरली आणि तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घालून आडवी झाली. विहीणबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. काळजीनंच असणार.
इथला लोहार गुणाजी. पाच रुपये मागतो, वर दोन आरेही बदलायला हवेत म्हणतो. मी नुसता हसलो. दोन दिवसांत स्वतः चारावर येईल.

ता. १३ एप्रिल. दुपार.
लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा पिऊ नये. मी रीत पाळणारा माणूस. जेवणखाण, झोप देवळाच्या धर्मशाळेत. दिवसभर मात्र शिग्रामात बसतो, नाहीतर गुणाजी आतली गादीही काढून नेईल. शिग्राम माझ्या मालकीचा, तेव्हा अंगण व्याह्यांचं असलं तरी कायद्यानं मी माझ्याच घरात आहे. विहीर पडली त्यांची. तहान लागली की तळ्यापर्यंत पायपीट. घोडा मात्र त्याच विहिरीचं पाणी घळाघळा पितो. त्यानं कुठे लेक दिलीय!

ता. १६ एप्रिल.
गुणाजी चारावर आला नाही. सहावर गेला. उन्हात चाक आणखी आटलं म्हणतो. चोर! सुमती खिडकीशी आली होती. आईची फार आठवण येते म्हणाली. कधी निघायचं, बाबा, असं विचारलं. उद्या, म्हटलं.

ता. १९ एप्रिल.
उद्या, असं परत सांगितलं.

ता. २१ एप्रिल.
आठवा लागला. विहीणबाईंनी निक्षून सांगितलं, आता नववा लागेपर्यंत पोर हलायची नाही. सुमती खांबाला टेकून रडली, आवाज न करता. पोरीसाठीच तर हा सगळा खटाटोप! दोष अर्थात गुणाजीचा.

ता. २६ एप्रिल.
डाव टाकला. गुणाजीला कॉम्पिटिशन म्हणून दौलतला ठाण्याहून बोलावलं. आगगाडीनं आला, भाडं माझं. उतरला तो सरळ गुणाजीच्या घरी जेवायला गेला. मेव्हणा निघाला त्याचा! दोघांनी मिळून धाव चढवली. सात रुपये. घासाघीस करायला लागलो, तर दोघं म्हणाले, सोयऱ्यासोयऱ्यांत चढाओढ बरी दिसत नाही. दिले.

ता. २७ एप्रिल.
चाक ठणठणीत. इंजिन बिघडलं. घोडा व्याह्यांच्या गवतावर असा काही सोकावलाय की फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. चुचकारलं, ओढलं, गूळ दाखवला. गूळ खाल्ला. गुणाजी म्हणतो, घोड्याचंही बघतो, एस्टिमेट देऊ का?
आगगाडीनं परत जाऊ? मग ही जन्मभर ऐकवील. आता शिग्रामानंच जाणार. उद्या घोडा हलेल.

ता. २२ मे.
नववा लागला. सकाळच्या गाडीनं ही आली आणि दुपारच्या गाडीनं सुमतीला घेऊन गेली. मलाही चला म्हणाली. म्हटलं, वाहनापाशी जबाबदार माणूस हवा. जाताना सुमतीनं शिग्रामाच्या गादीवरून हात फिरवला. म्हणाली, मऊ आहे हो बाबा. हे तिनं बोलायला नको होतं.

ता. ९ जून.
सुमतीला मुलगी झाली! दोघी खुशाल. हरिहरपंतांनी सगळ्यांना साखर वाटली. विहीणबाई स्वतः शिग्रामापाशी आल्या, दारातून फुलपात्र पुढे केलं. म्हणाल्या, आता तरी घ्या, तुमची तहान बघवत नव्हती. घेतलं. गार होतं. घटाघटा प्यालो आणि भडभडून आलं. त्यांची नात माझ्या घरी, आणि मी त्यांच्या अंगणात!
हरिहरपंतांनी विचारलं, बघायला कसे जाणार? घोड्याकडे पाहिलं. तो चरत होता.

ता. १० जून. ठाणे.
थर्ड क्लासनं आलो. तासाभरात. आगगाडीवरून ही एका शब्दानं टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. नात दारातूनच पाहिली. सोयर आहे, दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी जायचं नाही. तोवर ओटीवर बसा म्हणाली.
बसलोय. सवय आहे.