ज्वारीच्या कोठीतली कादंबरी

आई,

ज्वारीच्या कोठीत तू लपवलेली माझी कादंबरी मला सापडली. दळण काढायला दर खेपेला मलाच पाठवतेस, हे लपवताना तुझ्या ध्यानात राह्यलं न्हाई.

“असली पुस्तकं वाचून पोरी नशेला लागतात,” असं तू म्हणालीस, तेव्हा तुझ्या तोंडात मिश्री होती.

त्या पुस्तकातला पोरगा खोकल्याचं औषध पितो. बाटली मिळाली न्हाई की त्याचे हात कापतात, तो आईवर खेकसतो. मला त्याची कीव आली न्हाई. मला परवाचा दिवस आठवला. मिश्रीचा डबा रिकामा निघाला आणि मी तुझ्या अंगावर ताट भिरकावलं.

सातवीत माझी दाढ दुखली तेव्हा तूच बोटानं मिश्री लावलीस. तुला तुझ्या आईनं लावली, म्हणून राग धरत न्हाई. पण तव्यावर भाजलेला तंबाखू म्हणजे दंतमंजन, हे आता बिलकुल ऐकून घेणार न्हाई.

नवा डबा मी उकिरड्यावर ओतलाय. आता जाफराबादला कॉलेजात चालले. संध्याकाळी घरी आले की डोकं धरून मिश्री मागीन, शिव्याही देईन. चिमूटभरसुद्धा देऊ नको.

कादंबरी तुझ्या उशीखाली ठेवलीय. आधी ती वाच, मंग नशेचं बोल.

शिवकन्या