मी कुणाच्या मध्ये पडत नाही

६ जानेवारी
आज हिनाने बापाला इंग्रजी शिकवलं. मनात नसताना कुणी भानगडीत ओढलं की म्हणायचं, 'गॉट ड्रॅग्ड इन्टू'. मी म्हटलं, हा शब्द आपल्या उपयोगाचा नाही. हातगाडीपासून बोईसरात चार टेम्पोंपर्यंत आलो, तो दुसऱ्याच्या भानगडीत न पडता. बायको, हंसा, खोकली. सर्दी असेल.
संकल्प: रविवारी हंसाला महाबळेश्वर. लग्नाची पंचविशी. आधी तीनदा रद्द. आता रद्द झालं तर तुमच्याशिवाय जाईन म्हणते. गाडी बुक.

७ जानेवारी, सकाळ
शेजारच्या मैनाबाई आणि शकू यांची मांदेली मासळी वाळवायच्या जागेवरून जुंपली. मी खिडकी लावून घेतली. मग थोडी उघडली. अर्धवट ऐकणं वाईट.

संध्याकाळ
नुसता ओट्यावर उभा होतो. शकू म्हणाली, "दादा, तुमी मधी पडू नका." पडलोच नाही. मैनाबाई कुठे चुकते तेवढं सांगितलं. मग मैनाबाईला, शकू कुठे चुकते. निःपक्षपाती माणूस. आता दोघी मिळून माझ्यावर ओरडतात. एकी झाली, हेही काही कमी नाही.

९ जानेवारी
तोडगा! मैनाबाईची मांदेली आमच्या गच्चीवर. कुणी जागा मागितली नव्हती, मीच दिली. म्हणजे ड्रॅग्ड इन्टू नाहीच. हिना म्हणते, बरोबर पप्पा, धावत जाणाऱ्याला वेगळा शब्द आहे. विचारला नाही.

१० जानेवारी
शकू रुसली, "आमी काय परके हाय?" तिलाही दिली. मग बाकी आळीने काय घोडं मारलंय? गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. कावळ्यांची सभा. दोन मांजरं जिन्यात मुक्कामाला. हंसाच्या साड्या बाथरूममध्ये वाळतायत. ती बॅग भरत बसली. प्रवासाचा उत्साह.

११ जानेवारी, सकाळ
गाडी दारात. राखणीला कुणीतरी हवं, म्हणून मैनाबाईला हाक मारली. ओ आली ती गाडीतून. शेजारी शकू. खिडकीपाशी कोण बसणार यावरून वाद, पण हसत-हसत. मी मिटवायला पुढे झालो, तर हंसाने दार लावलं. म्हणाली, "आळीची मांदेली तुमीच वर नेली, आता तुमीच राखा."
समेट माझ्यामुळे झाला. कुणी म्हणालं नाही.

दुपार
गच्ची. डोक्याला टॉवेल, हातात काठी. हंसाचा फोन. करमत नसणार, ओळखलंच. मागे दोघींचं खिदळणं. तिने विचारलं, "मांदेली पलटली काय?"
पलटतोय.